रंगाच्या रकान्यात काय लिहायचे?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



सकाळी नवाच्या सुमारास लोकमान्य नगरच्या मेट्रो स्टेशनपासून हिंगण्याच्या दिशेने निघालात, तर एक दृश्य हमखास दिसते. एमआयडीसीत कामाला निघालेल्या, वानाडोंगरीच्या कॉलेजांकडे चाललेल्या मुलींच्या स्कूटींची रांग लागलेली असते आणि त्यातल्या बहुतेकींचे चेहरे दिसतच नाहीत. दुपट्टा असा घट्ट गुंडाळलेला असतो, की फक्त डोळे तेवढे उघडे. हातात कोपरापर्यंत मोजे. पुण्या-मुंबईचा पाहुणा पहिल्यांदा नागपूरला आला की विचारतोच, "या सगळ्या पोरी तोंड बांधून कुठे चालल्या?" आपण हसून सांगतो, अहो, आमच्याकडचे ऊन! आणि ते खोटे नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्यात ट्रकचा धूर आणि रस्त्याची धूळ. तोंड बांधणे हा शहाणपणाच आहे.

पण गेल्या वर्षी डिसेंबरमध्ये, चांगली थंडी पडलेली असताना, बसथांब्यावर माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. सकाळचे आठ वाजलेले, ऊन कोवळे, आणि ही डोळ्यांपर्यंत बांधलेली. मी विचारले, "आता कशाला गं हे?" ती म्हणाली, "सवय झाली मॅडम. अन् काळी पडली तर आई रागावते. यंदा पाहायला येणार आहेत ना!"

बस आली, ती गेली. तिचे ते वाक्य मात्र माझ्या मनात राहिले. उन्हापासून जपणे वेगळे आणि लोकांच्या नजरेपासून जपणे वेगळे. एकाच दुपट्ट्यात ही दोन्ही कामे आपण कधी गुंडाळली, ते आपल्याही लक्षात आले नाही. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

रकाना

आपल्या मराठीत माणसाच्या कांतीसाठी किती शब्द आहेत पाहा. लख्ख गोरी, गोरी, निमगोरी, उजळ, गव्हाळ, सावळी, काळीसावळी, काळी. धान्याची प्रतवारी लावावी तशी ही उतरंड आहे. गंमत म्हणजे शेवटचा शब्द लग्नाच्या परिचयपत्रात कधीच दिसत नाही. तिथे काळी मुलगी सावळी होते, सावळी गव्हाळ होते आणि गव्हाळ निमगोरी होते. प्रत्येक जण एक पायरी वर चढवून लिहितो. वाचणाराही मनातल्या मनात एक पायरी उतरवून वाचतो. दोन्ही बाजूंना ठाऊक असते, तरी रकाना भरला जातो.

आणि हे त्या समाजात, ज्याचा लाडका देव विटेवर उभा राहिलेला काळासावळा विठोबा आहे! राम सावळा, कृष्ण सावळा. ज्या द्रौपदीच्या रूपाची महाभारतात एवढी वाखाणणी आहे, तिचे एक नावच कृष्णा. देवाचा सावळेपणा आपण टाळमृदंगाच्या गजरात गातो आणि घरी येऊन पोरीला डाळीचे पीठ लावायला बसवतो.

मी बत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. तरी हा रकाना मीदेखील भरला आहे, हे आज कबूल करायला हवे. आमच्या वडिलांना दिसायला कमी झाले होते, म्हणून धाकट्या बहिणीचे परिचयपत्र मी लिहिले. बहीण सावळी. मी लिहिले, निमगोरी. वाटले, एवढ्यावरून अडायला नको, एकदा मुलगी समोर आली की तिचा स्वभाव, तिचे शिक्षण दिसेलच. मंडळी पाहायला आली. बहीण पोह्यांचा ट्रे घेऊन उभी. मुलाच्या आईने तिच्याकडे पाहिले, मग हातातल्या कागदाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "कागदावर तं निमगोरी लिवलं हाये." बस, एवढेच. पोहे खाऊन मंडळी गेली.

त्या रात्री बहीण माझ्याशी बोलली नाही. पुष्कळ वर्षांनी एकदा सहज म्हणाली, "ताई, त्यांच्या बोलण्याचं मला वाईट वाटलं नाही. तू लिहिलंस, त्याचं वाटलं. म्हणजे तुलाही मी जशी आहे तशी चालत नव्हते." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

नटवी आणि गबाळी

बायकांच्या नटण्यावर विनोद करणे ही आपल्याकडची जुनी करमणूक आहे. बाई तयार व्हायला किती वेळ लावते, आरशासमोरून कशी हलत नाही, साडीच्या दुकानात नवरा कसा ताटकळतो. लग्नाच्या पंगतीत, गॅदरिंगच्या नाटकात या विनोदावर हमखास हशा मिळतो. थोडे नटून निघालेल्या बाईला आपण नटवी म्हणतो. मात्र तीच बाई न नटता, विस्कटलेल्या केसांनी कार्यक्रमाला आली तर तिला गबाळी म्हणतो. आजारी आहेस का, घरी काही झाले का, असे विचारतो. या दोन शब्दांच्या मधली जागा इतकी अरुंद आहे, की तिथे पाय ठेवून उभे राहणे हीच एक कसरत होऊन बसते.

नटण्याची हौस मुळात वाईट नाही. अंबाड्यात गजरा माळावा, सणाला ठेवणीतले लुगडे काढावे, हातभर हिरवा चुडा भरावा, यात आनंद आहे. आमच्या भागात कापूस वेचायला जाणारी बाईसुद्धा कपाळावर कुंकू ठसठशीत लावून, केस चापूनचोपून बसवून घराबाहेर पडते. शेतात तिला कोण पाहणार असते? ती हौस तिची स्वतःची असते.

पण हौस आणि धास्ती यांत फरक आहे. हौस असली की बाई आरशात पाहून खूश होते. धास्ती असली की आरशात पाहून तिला फक्त उणीव दिसते. आणि ही धास्ती आपोआप येत नाही. मुलगी जन्मल्याबरोबर पहिला प्रश्न बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत का हा असतो आणि दुसरा, "कोणावर गेली? रंग कसा आहे?" बाळंतिणीला केशर घातलेले दूध द्या म्हणजे बाळ गोरे होईल, असे सांगणारी शेजारीण तर आधीच येऊन गेलेली असते. वयात आल्यावर उन्हात खेळू नको. लग्न ठरताना रंग उजळ नाही म्हणून हुंड्याची बोली वर. हुंडा घेणे-देणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून आता त्याला हुंडा म्हणत नाहीत, "मुलीला हौसेने काय द्यायचे ते द्या" म्हणतात. पण सावळ्या मुलीच्या बापाला त्या हौसेचा आकडा बरोबर कळतो.

हे असे असेल, तर मुलीने आरशासमोर घालवलेला वेळ हा केवळ मिरवण्याचा हव्यास कसा म्हणायचा? ज्या बाजारात तिची किंमत चेहऱ्यावरून लावली जाते, त्या बाजारात उभे राहण्याची ती तयारी असते. बाजार आपण मांडायचा आणि हसायचे मात्र तिला, हा कुठला न्याय?

बुलढाण्याची ताराबाई

हा सवाल आपल्या विदर्भातल्या एका बाईने फार पूर्वी केला होता. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ साली प्रसिद्ध झाले. जे दोष स्त्रियांचे म्हणून सांगितले जातात ते पुरुषांत नाहीत काय, आणि त्या दोषांना खतपाणी घालणारे नियम केले कोणी, असा त्या पुस्तकाचा रोख आहे. नवरा मेल्यावर बाईचे रूप विद्रूप करण्याच्या चालीवर त्यांनी कडाडून टीका केली.

त्या चालीचा आपल्या विषयाशी जवळचा संबंध आहे. विधवेचे केशवपन, म्हणजे डोक्यावरचे केस काढणे, ही चाल प्रामुख्याने ब्राह्मण आणि काही वरिष्ठ मानल्या गेलेल्या जातींत होती. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे हे तर कितीतरी जातींत होते. त्यामागचा विचार उघड आहे. बाईचे रूप हे तिचे नव्हेच, ते नवऱ्याचे. तो आहे तोवर तिने नटलेच पाहिजे आणि तो गेला की तिने नटताच कामा नये. दोन्ही वेळा तिला काय वाटते हे कोणी विचारायचे नाही. १८९० साली मुंबईत सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी एकत्र आली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे त्यांनी ठरवले. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, ही आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे.

ती चाल संपली, पण तिच्या सावल्या राहिल्या. म्हणून तर मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला. पुढे राज्य सरकारनेही इतर गावांनी त्याचे अनुकरण करावे असे आवाहन केले. म्हणजे बाईने कसे दिसावे याचा निर्णय आजही गावाला घ्यावासा वाटतो. निदान हेरवाडने तो बाईच्या बाजूने घेतला.

बाटलीतला गोरेपणा

पूर्वी ही धास्ती हळद, साय, मुलतानी माती यांवर भागत होती. त्याने फार काही साधत नसे, पण बिघडतही नसे. १९७५ मध्ये हिंदुस्थान लिव्हर कंपनीने 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणली आणि गोरेपणा ट्यूबमधून विकत मिळतो ही कल्पना गावोगाव पोचली. पुढे छोटे पाऊच आले, तेव्हा तर ती किराणा दुकानात लोणच्याच्या पाकिटांशेजारी लटकू लागली. १९९१ नंतर बाजारपेठ खुली झाली. १९९४ मध्ये सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय एकाच वर्षी विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी ठरल्या. त्यानंतरच्या काळात तालुक्याच्या गावांतही ब्युटी पार्लरच्या पाट्या दिसू लागल्या.

जाहिराती सांगत होत्या, की मुलगी सावळी म्हणून बापाला ओझे वाटते, क्रीम लावली, उजळली, की नोकरी लागते आणि बापाची मान ताठ होते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने याविरुद्ध तक्रारी केल्या, मोहीम चालवली आणि २००३ मध्ये अशा जाहिराती मागे घेतल्या गेल्या. २००५ मध्ये पुरुषांसाठीही गोरेपणाची क्रीम आली. स्त्री-पुरुष समानतेचा हा प्रकार ताराबाईंना काही अपेक्षित नसावा! २०१४ मध्ये जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने नियम केले, की सावळ्या माणसाला दुःखी, अनाकर्षक किंवा मागे पडलेले दाखवायचे नाही. २०२० मध्ये अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध आंदोलन पेटले, त्याचे पडसाद इथेही उमटले. त्या क्रीमचे नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झाले आणि लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने कांतीनुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली.

नाव बदलले, जाहिरातीत गोरेपणाऐवजी चमक आली, तेज आले. पण दुकानात जाऊन मागणारी गिऱ्हाईक अजून "गोरं व्हायची क्रीम द्या" असेच म्हणते.

रंग येतो कुठून?

आता थोडे विज्ञान. आपल्या कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्यांना मेलॅनोसाइट म्हणतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात. तुम्हाला नवल वाटेल, पण गोऱ्या आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन तयार करतात आणि ते कातडीत कसे पसरते, यात. हे मुख्यतः आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरते, केशराच्या दुधावर नव्हे.

मेलॅनिनचे काम काय? सूर्यकिरणांतली अतिनील किरणे अडवणे. ही किरणे पेशींचे नुकसान करतात आणि रक्तातले फोलेट हे गर्भाच्या वाढीसाठी आवश्यक असलेले जीवनसत्त्वही नष्ट करू शकतात. म्हणून जिथे ऊन कडक, तिथे पिढ्यान् पिढ्या सावळी कातडी टिकली. जिथे ऊन कमी, तिथे उजळ कातडी आली, कारण तिथे थोड्या उन्हातही ड जीवनसत्त्व तयार होणे गरजेचे होते. आपले नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर. इथल्या उन्हात सावळेपणा हे निसर्गाने दिलेले चिलखत आहे. उन्हात गेल्यावर आपण काळवंडतो, म्हणजे शरीर छत्री जाड करते. मी वर्गात हे शिकवायची, तेव्हा मागच्या बाकावरची एखादी मुलगी हळूच विचारायची, "मग मॅडम, ते काढता नाही का येत?" छत्री भर पावसात फेकून देण्यासारखे ते आहे, एवढेच मी सांगत असे. आज मात्र त्याहून जास्त सांगायला हवे, कारण ती छत्री फाडणारी रसायने गल्लीत मिळू लागली आहेत.

डबीत काय असते?

झटपट गोरे करणाऱ्या क्रीममध्ये दोन गोष्टींपासून विशेष धोका आहे. पहिली स्टेरॉइड. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावे ट्यूबवर बारीक अक्षरांत असतात. ही खरी औषधे आहेत, इसब किंवा तत्सम आजारात डॉक्टर ती ठरावीक दिवसांसाठी देतात. चेहऱ्यावर लावली की आठवडाभरात रंग उजळ, त्वचा तुकतुकीत दिसते. मग बाई ती रोज लावते. महिन्यांनी कातडी पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, चेहऱ्यावर लव वाढते. बंद केली की आग होते, चेहरा लालबुंद होतो, म्हणून पुन्हा लावावी लागते. दारूसारखेच हे व्यसन. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत असे ठरवले. तरी नात्यातल्या कोणाला गुण आला म्हणून त्याच ट्यूबचे रिकामे खोके दाखवून नवीन आणणाऱ्या बाया आपल्या पाहण्यात आहेत. यांतल्या काही ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनही असते. गरोदरपणी ट्रेटिनॉइन डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नये.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर, ती म्हणजे पारा. पारा मेलॅनिन तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून रंग झपाट्याने उतरतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात, म्हणजे किडनीत साठतो. आपल्याच विदर्भातल्या अकोल्याची घटना २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आली होती. कॉलेजात शिकणारी एक तरुणी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या किडन्यांना एकाच सुमारास इजा झाली. तिघींमध्ये समान दुवा काय याचा शोध घेतला, तेव्हा ब्युटीशियनकडून आणलेली गोरे करणारी क्रीम निघाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला आणि क्रीममध्ये पारा सापडला.

केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल येथील डॉक्टरांनीही असेच रुग्ण नोंदवले. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात विशिष्ट प्रकारच्या किडनीविकाराचे २२ रुग्ण त्यांनी तपासले. त्यांपैकी १५ जणांत पाऱ्याशी संबंध असू शकणारी एक खूण आढळली आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. समाधानाची गोष्ट ही, की क्रीम बंद केल्यावर बहुतेकांत सुधारणा झाली. म्हणजे वेळेवर कळले तर वाट आहे.

आपल्याकडे २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागाहून जास्त चालत नाही. पण लेबल नसलेल्या डबीला नियम कोण लावणार? पार्लर चालवणाऱ्या ताईंना मी सरसकट दोष देत नाही. चार पैसे स्वतःच्या हिमतीवर मिळवणाऱ्या त्या कष्टाळू बाया आहेत आणि डबीत काय आहे हे पुष्कळदा त्यांनाही सांगितलेले नसते. म्हणून काही खुणा आपणच लक्षात ठेवाव्यात.

डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, घटकांची यादी, बॅच नंबर, मुदत नसेल तर ती घेऊ नये. घटकांत मर्क्युरी, मर्क्युरस, मर्क्युरिक, कॅलोमेल असे शब्द असतील तर ती दूर ठेवावी. सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका, अशी सूचना असेल तर संशय घ्यावा, कारण पारा या धातूंना धरतो. जी वस्तू सोन्याला सोसत नाही ती गालाला कशी सोसेल? आठ दिवसांत रंग बदलण्याची हमी हीच मोठी धोक्याची खूण आहे.

अशी क्रीम वापरात असेल आणि पायांवर, डोळ्यांभोवती सूज दिसली, लघवीला साबणासारखा फेस येऊ लागला, तर डॉक्टरांकडे जावे आणि ती डबी बरोबर न्यावी. लाजून लपवू नये. लघवीची साधी तपासणी पुष्कळ काही सांगते. घरात लहान मूल असेल तर अधिक जपावे, कारण आईच्या गालावरून, टॉवेलवरून पारा मुलापर्यंत पोचतो. स्टेरॉइडची सवय झाली असेल तर आपल्या मनाने काही करू नये. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत, तिथे दाखवावे.

दोष डबीचा, की आपला?

श्रोतेहो, एवढे सांगून मी थांबले, तर चूक होईल. कारण मग सगळा दोष पुन्हा त्या मुलीवर जाईल, की कशाला लावली गं ती क्रीम, एवढी कशी वेडी! आधी सावळी म्हणून बोलणी खाल्ली आणि आता किडनी बिघडवून घेतली म्हणून बोलणी खायची. अकोल्याच्या घटनेत आई आणि मुली एकच डबी वापरत होत्या, हे मला फार बोलके वाटते. मुलींच्या आधी आईच्या मनातही ती धास्ती कोणीतरी घातलेली असणार.

डिसेंबर २०२३ मध्ये छत्तीसगडच्या उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आले. नवऱ्याला घटस्फोट हवा होता. बायकोचे म्हणणे, की रंगावरून तो तिचा अपमान करत असे आणि त्याने तिला घराबाहेर काढले. न्यायालयाने नवऱ्याचा अर्ज फेटाळला आणि रंगावरून भेद करण्याची ही मनोवृत्ती बदलायला हवी, घराघरातले बोलणे बदलायला हवे, अशा आशयाचे मत नोंदवले. न्यायालय एवढेच सांगू शकते. घरातले बोलणे घरातच बदलावे लागते.

ते फार अवघड नाही. भाची भेटली की "किती काळी पडलीस!" याऐवजी "काय वाचतेस सध्या?" असे विचारता येते. बाळाला पाहायला गेल्यावर रंगाचा विषय न काढता येतो. सून पाहायला जाताना कागदावरचा रंग आणि समोरचा रंग ताडून पाहण्याची सवय सोडता येते. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायला बसत, पुढे चित्रपटांत आल्या, तेव्हा त्यांच्या सावळ्या चेहऱ्यावरून कोणाची नजर हटत नसे. त्या वेळी आपल्याला सावळेपणातले सौंदर्य दिसत होतेच. फक्त ते पडद्यावर चालते आणि आपल्या ओसरीवर चालत नाही, असे आपण ठरवून टाकले आहे.

आणि स्कार्फ बांधणाऱ्या मुलींनो, तुम्ही तो खुशाल बांधा. उन्हाने चटका बसतो, धुळीने खोकला होतो. पण थंडीच्या सकाळी आठ वाजता तो चेहऱ्यावर कोणासाठी आहे, एवढे स्वतःला एकदा विचारा. उत्तर "माझ्यासाठी" असे आले तर राहू द्या.

शेवटी माझ्या बहिणीचे सांगते. तिला पुढे चांगले घर मिळाले, संसार झाला. यंदा तिच्या मुलीसाठी स्थळे पाहायला सुरुवात झाली. परिचयपत्र तयार करून तिने मला वाचायला पाठवले, शुद्धलेखन तपासून दे म्हणाली. नाव, जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, उंची, छंद, सगळे होते. उंचीच्या खाली जिथे तो रकाना असतो, तिथे काहीच नव्हते. मी फोन केला आणि विचारले, "अगं, इथे एक ओळ सुटली का?"

ती म्हणाली, "सुटली नाही ताई. काढली."

मी शुद्धलेखन तपासले. एका ठिकाणी वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त करून कागद परत पाठवला. बाकी त्यात सुधारण्यासारखे काही नव्हते.